फुरशाचे विष आणि हृदयविकाराचे औषध: विषांतून औषधे कशी सापडतात?

जांभाकातळ (धागालेखिका)

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा भातकापणीच्या दिवसांत आमच्याकडे साप चावलेले रुग्ण येतात आणि त्यांत फुरसे चावलेले बरेच असतात. फुरसे हे जेमतेम हातभर लांबीचे जनावर. जांभ्याच्या चिऱ्यांखाली किंवा गवताच्या भाऱ्यात दडून बसते आणि डिवचले तर अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करते. ते चावले की आधी सूज येते आणि पुढे हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या खरचटलेल्या जागांतूनही रक्त येऊ लागते.

अशा रुग्णाची पहिली तपासणी अगदी साधी असते. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, नळी स्टँडमध्ये उभी ठेवायची आणि वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी ती एकदाच, हळूच आडवी करायची. निरोगी माणसाचे रक्त तोवर थिजलेले असते आणि नळी आडवी केली तरी जागचे हलत नाही. विष भिनलेल्या रुग्णाचे रक्त मात्र पाण्यासारखे ओघळत नळीच्या तोंडाशी येते. गेल्या बारा वर्षांत हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे, तरी दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांसमोर ती नळी आडवी करताना आजही माझ्या पोटात गोळा येतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या काकांना मुंबईत हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टीनंतर ते अतिदक्षता विभागात होते, तेव्हा त्यांच्या उशाशी एक सिरिंज पंप चालू होता आणि त्यावर ‘टायरोफिबॅन’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. ते कशासाठी आहे, असे मी तिथल्या डॉक्टरांना विचारले. स्टेंटच्या जागी पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देणारे हे औषध आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. मी कोकणातून आले आहे हे कळल्यावर ते म्हणाले, “मग तुम्हाला हे ठाऊक असायला हवे. हे औषध फुरशाच्या विषावरून सुचलेले आहे.” ज्या जनावराच्या दंशाने रक्त थिजायचे थांबते म्हणून मी वर्षानुवर्षे धावपळ केली, त्याच जनावराच्या विषातली एक युक्ती माझ्या काकांच्या शिरेत थेंब थेंब जात होती. त्या रात्रीपासून या विषयाचे जे वाचन केले, ते इथे मांडत आहे. चुकले असेल तिथे जाणकारांनी जरूर दुरुस्त करावे.

रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट तिथे गोळा होतात. त्यांच्या पृष्ठभागावर एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू येऊन बसण्याची जागा) असतो आणि रक्तातले फायब्रिनोजेन हे प्रथिन दोन प्लेटलेटांच्या ग्राहकांना दोन्ही बाजूंनी धरून त्यांना एकत्र जोडते. अशा लाखो जोडण्या झाल्या की गुठळीचा पाया तयार होतो. जखम झाली असताना ही व्यवस्था जीव वाचवते. हृदयाच्या धमनीत हेच घडले तर झटका येतो. फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचे 49 अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन आहे. अमेरिकेतील मर्क कंपनीच्या संशोधकांनी 1988 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या मधोमध आर्जिनीन, ग्लायसीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल असा तीन अमिनो आम्लांचा क्रम एका वळणाच्या टोकावर बाहेर आलेला असतो. फायब्रिनोजेनमध्येही हाच क्रम आहे. त्यामुळे एकिस्टॅटिन प्लेटलेटच्या ग्राहकात नेमके जाऊन बसते आणि फायब्रिनोजेनला तिथे जागा उरत नाही. फायब्रिनोजेन दोन हातांनी दोन प्लेटलेटांना धरते, एकिस्टॅटिनला मात्र जणू एकच हात असतो. त्यामुळे ग्राहक भरतो, पण जोडणी होत नाही.

आता हे प्रथिन जसेच्या तसे रुग्णाला टोचता येईल का? व्यवहारात ते अवघड आहे, कारण ते शरीराला परके असते आणि इतर ग्राहकांनाही चिकटते. मर्कच्या रसायनशास्त्रज्ञांनी म्हणून वेगळी वाट धरली. त्या तीन अमिनो आम्लांच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण भार असतो. त्या दोन भारांमधले अंतर राखणारा, पण प्रथिन नसलेला असा एक लहान रेणू त्यांनी टायरोसीन या अमिनो आम्लापासून घडवला. तो म्हणजे टायरोफिबॅन. 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी मान्य झालेले एप्टिफिबॅटाइड हे त्याच गटातले दुसरे औषध, आणि तेही एका सापाच्याच विषावरून आले: अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या एका बुटक्या खुळखुळ्या सापाच्या.

टायरोफिबॅनचा आणखी एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. पंप बंद केल्यावर काही तासांत प्लेटलेट पुन्हा आपले काम करू लागतात. फुरशाच्या दंशावर आपल्याला असा पंप बंद करता येत नाही.

एवढे वाचल्यावर माझी अशी समजूत झाली आहे की विष स्वतः औषध होत नाही. शरीरात नेमक्या कोणत्या जागी हात घातला म्हणजे काय थांबते, हे विष दाखवून देते आणि त्या जागी बसणारे सौम्य, आवरता येणारे औषध माणसे नंतर घडवतात. ही समजूत बरोबर आहे का, आणि इतर प्राण्यांच्या विषांबाबतही ती खरी ठरते का, हे जाणून घ्यायला आवडेल.

वैद्यराई

उत्तम धागा. मी रक्तविकारांचा डॉक्टर आहे, म्हणून एक दुरुस्ती प्रथम करतो, कारण तुमच्या लेखातून एक गैरसमज होऊ शकतो.

तुमच्या काचेच्या नळीतले रक्त थिजत नाही, त्याचे मुख्य कारण एकिस्टॅटिन नव्हे. फुरशाच्या विषात प्रोथ्रॉम्बिनला (रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाला) चेतवणारे विकर (एन्झाइम) असतात, त्यांपैकी एकाला इकॅरिन म्हणतात. ते रक्त गोठवण्याची प्रक्रिया थांबवत नाही, उलट सर्व शरीरभर एकाच वेळी सुरू करून देते. त्या धांदलीत रक्तातले फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि मग नळीत गुठळी व्हायला साहित्यच शिल्लक राहत नाही. प्लेटलेटांना अडवणारे एकिस्टॅटिन हा त्याच विषातला निराळा घटक आहे. एका सापाच्या विषात अशी कित्येक प्रथिने एकत्र असतात आणि दंशानंतर दिसणारे चित्र ही त्या सर्वांची बेरीज असते. म्हणूनच संशोधकाला विषाचे घटक एकेक करून सुटे करावे लागतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबाबत: समजूत बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण तिला अपवाद आहेत. दात काढल्यावर किंवा शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवण्यासाठी आपल्याकडे हिमोकोअ‍ॅग्युलेजचे इंजेक्शन वापरले जाते, ते दक्षिण अमेरिकेतल्या बोथ्रॉप्स गटातील सापांच्या विषातून शुद्ध केलेले विकरच असते. तिथे विषाचा घटक स्वतःच औषध झाला आहे.

आपल्या घोणशीचीही एक हकीकत सांगण्यासारखी आहे. 1934 मध्ये लंडनमध्ये मॅकफार्लेन या तरुण डॉक्टरांनी तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाचे प्रमुख बर्जेस बार्नेट यांच्या मदतीने निरनिराळ्या सापांची विषे हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांच्या रक्तावर तपासली. घोणशीचे विष दहा हजार पटीने विरळ केले तरी ते रक्त झटपट गोठत होते. दात काढल्यावर दिवसेंदिवस रक्त वाहत राहणाऱ्या हिमोफिलियाच्या रुग्णांच्या हिरडीत त्या द्रावणाचा बोळा ठेवून त्यांनी रक्तस्राव थांबवला. त्या काळी या आजारावर दुसरे फारसे काही हाताशी नव्हते. पुढे असे दिसून आले की हे विष रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी दहाव्या घटकाला थेट चेतवते, म्हणजे हिमोफिलियात ज्या पायऱ्या तुटलेल्या असतात त्या टाळून ते पुढच्या पायरीवर पोहोचते. आजही वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा विनाकारण गुठळ्या होणाऱ्या रुग्णांत ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट (गुठळ्यांचा धोका वाढवणारी, शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेली प्रतिद्रव्ये) आहे का, हे पाहण्यासाठी आम्ही जी चाचणी करतो, तिच्या किटमध्ये घोणशीचे विरळ केलेले विष असते. इकॅरिनही प्रयोगशाळेत वापरले जाते. औषधाइतकीच ही निदानाची साधनेही मोलाची आहेत, पण त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही.

जांभाकातळ

मनःपूर्वक आभार. इतकी वर्षे ती नळी हातात धरूनही आत काय संपलेले असते, याचा असा विचार मी केला नव्हता. लेखात ‘रक्त थिजायचे थांबते’ असे लिहिले आहे, ते या प्रतिसादासह वाचावे.

निशिगंध

माझी आई रक्तदाबासाठी रामिप्रिल घेत होती आणि तिला सतत कोरडा खोकला येई. डॉक्टरांनी गोळी बदलली तेव्हा खोकला गेला. त्या वेळी कोणीतरी सांगितले की ती गोळी सापाच्या विषापासून बनवतात, म्हणून असे होते. आमच्या घरी त्यावरून बराच काळ चर्चा झाली, कारण आई कडक शाकाहारी आहे. यात तथ्य किती?

रेणुबंध

निशिगंध, तुमच्या आईंना निश्चिंतपणे सांगा की त्या गोळीत सापाचे काहीही नसते. ती संपूर्णपणे रसायनशाळेत तयार होते. मात्र तिचा खोकला आणि सापाचे विष यांचा संबंध अगदीच खोटा नाही. मी औषधरसायनशास्त्रात काम करतो आणि ही माझ्या क्षेत्रातली सर्वांत आवडती हकीकत आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावल्यावर माणसाचा रक्तदाब एकदम कोसळतो. 1949 मध्ये साव पाउलो येथे मॉरिसिओ रोशा ई सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विष रक्तद्रवात मिसळून पाहिले, तेव्हा त्या रक्तद्रवातूनच रक्तवाहिन्या सैल करणारा एक पदार्थ सुटतो, असे त्यांना आढळले. त्यांनी त्याला ब्रॅडिकायनिन हे नाव दिले. तो विषातला नव्हता, आपल्याच शरीरातला होता. पुढे 1965 मध्ये त्यांचे शिष्य सर्जिओ फेरेरा यांनी दाखवले की त्याच विषात आणखी एक घटक आहे आणि तो ब्रॅडिकायनिनचा परिणाम कितीतरी वाढवतो, कारण तो ब्रॅडिकायनिनला मोडू देत नाही. म्हणजे साप एका हाताने ब्रॅडिकायनिन सोडवतो आणि दुसऱ्या हाताने त्याची विल्हेवाट लावणाऱ्याला अडवतो.

फेरेरा तो अर्क घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे काम करणाऱ्या वाय. एस. बाखले यांनी तो अर्क अँजिओटेन्सिन रूपांतरक विकरावर वापरून पाहिला आणि विषातला घटक त्या विकरालाही रोखतो, हे 1968 च्या सुमारास दाखवून दिले. बाखले हे आडनाव मराठी वाचकांना ओळखीचे वाटेल. कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या औषधाच्या कथेत या पायरीचा उल्लेख क्वचितच होतो आणि मला नेहमी वाटते की ती गाळली तर कथेचा सांधाच निखळतो. हे विकर रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिन तयार करते आणि रक्तदाब कमी करणारे ब्रॅडिकायनिन मोडते. एकाच विकराला थोपवले की दोन्ही बाजूंनी दाब उतरतो.

व्हेन यांनी हा विषय अमेरिकेतील स्क्विब कंपनीपुढे मांडला. तिथे डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी यांनी विषातला नऊ अमिनो आम्लांचा टेप्रोटाइड हा घटक तयार केला. तो माणसांत रक्तदाब उतरवत होता, पण केवळ शिरेतून दिला तरच. तोंडाने घेतला तर पोटात पचून जाई. रोज आयुष्यभर घ्यायच्या औषधाला ते चालणारे नव्हते. पुढे हजारो पदार्थ तपासूनही काही हाती लागले नाही. मग 1974 मध्ये त्यांनी स्वादुपिंडातल्या दुसऱ्या एका विकरावरचा शोधनिबंध वाचला. त्या विकराच्या गाभ्यातही जस्ताचा अणू होता आणि एक लहान आम्ल त्याला रोखत होते. आपल्या विकराच्या गाभ्यातही जस्त आहे, तेव्हा हीच युक्ती इथे चालेल, असे त्यांनी ठरवले. विषातल्या त्या साखळ्यांच्या शेवटी प्रोलीन हे अमिनो आम्ल असते. म्हणून त्यांनी प्रोलीनला तसेच एक लहान आम्ल जोडले. ते काम करू लागले, पण फार दुबळेपणाने. मग जस्ताला धरणाऱ्या टोकावर गंधकाचा अणू बसवला आणि परिणाम कितीतरी पटींनी वाढला. हेच कॅप्टोप्रिल. 1981 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. तुमच्या आईंचे रामिप्रिल हे त्याच घराण्यातले पुढच्या पिढीचे औषध.

आता खोकला. विकर थोपले की फुप्फुसातही ब्रॅडिकायनिन मोडायचे राहते आणि त्याने काही रुग्णांच्या श्वासनलिकेत खवखव सुरू होते, असे मानले जाते. फेरेरांनी 1965 मध्ये जो परिणाम पाहिला, तोच तुमच्या आईंच्या घशात जाणवत होता.

निशिगंध

हे मी आजच आईला वाचून दाखवले. गोळीत काही नाही हे ऐकून ती सुखावली; खोकल्याचे कारण मात्र तिने दोनदा वाचायला लावले.

दर्यावर्दी

धागालेखिकेच्या समजुतीला आणखी एक अपवाद समुद्रातला आहे. शंकूच्या आकाराच्या सुंदर कवड्यांसारख्या दिसणाऱ्या काही गोगलगायी असतात, त्यांना शंकुगोगलगाय म्हणता येईल. त्या मासे खातात. गोगलगाय माशाच्या मागे धावू शकत नाही, म्हणून तिचे विष असे असावे लागते की बाण लागताच मासा जागच्या जागी लुळा पडेल. फिलिपिन्समध्ये जन्मलेले बाल्डोमेरो ऑलिवेरा यांनी या विषांचा अभ्यास आधी मायदेशी आणि नंतर अमेरिकेतील युटा विद्यापीठात केला. त्यांच्या प्रयोगशाळेत मायकेल मॅकिंटॉश हा कोवळ्या वयाचा विद्यार्थी होता. त्याने कोनस मॅगस या जातीच्या विषातून 25 अमिनो आम्लांचा एक घटक वेगळा केला. तोच हुबेहूब प्रयोगशाळेत बनवून झिकोनोटाइड या नावाने 2004 मध्ये वेदनाशामक म्हणून मान्य झाला. म्हणजे इथे विषातला रेणू कानामात्रा न बदलता औषध झाला आहे, फक्त तो गोगलगायीतून काढावा लागत नाही.

मज्जारज्जूत वेदनेचा संदेश एका पेशीकडून दुसरीकडे जाताना कॅल्शियमच्या ज्या वाटा उघडाव्या लागतात, त्यांतली एक वाट हा घटक बंद करतो. तो अफूच्या गटातला नसल्याने मॉर्फिनसारखी त्याची मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. पण तो मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातच पंपाने सोडावा लागतो आणि भ्रम, नैराश्य असे मानसिक दुष्परिणाम होऊ शकतात. त्यामुळे बाकी सर्व उपाय थकलेल्या रुग्णांसाठीच तो राखून ठेवलेला आहे. अशा गोगलगायी आपल्या समुद्रातही असतात. किनाऱ्यावर शंकूसारखा जिवंत शंख दिसला तर मुलांच्या हाती देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मधुरा_पुणे

सध्या समाजमाध्यमांवर ‘वजन उतरवणारे इंजेक्शन एका सरड्याच्या विषातून आले’ असे संदेश फिरत आहेत. मला मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी सेमाग्लुटाइड सुचवले आहे. हे खरे आहे का?

रेणुबंध

अर्धे खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे घोटाळा होतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा राहतो; तो वर्षातून मोजक्याच वेळा खातो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे डॉ. जॉन इंग यांना 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या विषात एक्सेंडिन-4 हे 39 अमिनो आम्लांचे संप्रेरक (हार्मोन) सापडले. ते आपल्या आतड्यातल्या जीएलपी-1 या संप्रेरकाशी निम्म्याहून थोडे अधिक जुळते. जेवणानंतर इन्सुलिन वाढवणारे आपले जीएलपी-1 रक्तात जेमतेम दोन मिनिटे टिकते, कारण एक विकर त्याची सुरुवातीची दोन अमिनो आम्ले कापून टाकते. सरड्याच्या संप्रेरकात दुसऱ्या जागी अ‍ॅलानिनऐवजी ग्लायसीन आहे आणि तेवढ्याने त्या विकराची कात्री चालत नाही. त्यापासून झालेले एक्सेनाटाइड 2005 मध्ये मान्य झाले.

सेमाग्लुटाइड मात्र सरड्याच्या संप्रेरकापासून आलेले नाही. ते मानवी जीएलपी-1 मध्ये बदल करून घडवले आहे. त्यातही कापली जाणारी तीच दुसरी जागा बदललेली आहे, पण रेणूचा सांगाडा माणसाचा आहे. जीएलपी-1 वर औषध उभे राहू शकते, हा भरवसा बाजाराला एक्सेनाटाइडने दिला, एवढे श्रेय सरड्याला अवश्य द्यावे.

वारूळ

मी सर्पमित्र आहे. इथली चर्चा वाचून समाधान वाटले, पण एक काळजी बोलून दाखवतो. विषापासून औषधे होतात ही बातमी पसरली की ‘सापाच्या विषाला कोटींचा भाव’ अशा अफवाही पसरतात आणि मग कोणीतरी दोन फुरशी बरणीत भरून माझ्याकडे गिऱ्हाईक शोधायला येतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार परवानगीशिवाय साप पकडून विष काढणे आणि विकणे गुन्हा आहे. शिवाय वर सर्वांनी लिहिलेच आहे की घटक एकदा ओळखला की तो बहुधा कारखान्यात तयार होतो.

ज्या कामासाठी विष खरोखर लागते ते काम प्रतिविषाचे. तामिळनाडूत इरुळा जमातीच्या लोकांची 1978 साली स्थापन झालेली सहकारी संस्था साप पकडून, विष काढून पुन्हा त्यांना सोडून देते आणि देशातल्या प्रतिविष उत्पादकांना ते विष पुरवते. आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेने या कामात हयात घालवली आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच प्रतिविष दिले जाते. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाच्या अभ्यासांतून दिसले आहे. एका कोपऱ्यात काढलेल्या विषावर तयार झालेले प्रतिविष दुसऱ्या कोपऱ्यात तितके लागू पडेलच असे नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक ग्रामीण भागातले होते. फुरशाच्या विषावरून शहरातल्या कॅथलॅबसाठी (जिथे अँजिओप्लास्टी होते त्या दालनासाठी) औषध 1998 मध्येच तयार झाले, आणि फुरसे चावलेल्या माणसाला मात्र आजही घोड्याच्या रक्तापासून काढलेल्या प्रतिविषावरच भिस्त ठेवावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वैद्यराई

वारूळ यांचे दुःख योग्य आहे. एक उदाहरण मात्र उलट दिशेचे, आपल्याच जिल्ह्यांतले. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण रात्र रात्र जवळ बसून पाहिले आणि या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटून हृदय कोलमडते व फुप्फुसांत पाणी साचते, हे ओळखले. मग रक्तदाबाची स्वस्त गोळी प्राझोसिन त्यांनी त्यावर वापरली आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्याच लाल विंचवाच्या विषातून मर्कच्या प्रयोगशाळेत 1990 मध्ये आयबेरिओटॉक्सिन वेगळे करण्यात आले. ते पेशींवरच्या एका विशिष्ट पोटॅशियम मार्गाला बंद करते आणि जगभरचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आज ते उपकरणासारखे वापरतात. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून जे केले आणि मर्कमध्ये जे झाले, ती दोन्ही कामे एकाच विषाच्या वाचनाची आहेत.

अपयशेही सांगायला हवीत. मलायातील एका सापाच्या विषातले अँक्रॉड फायब्रिनोजेन कमी करते, म्हणून पक्षाघातावर त्याची मोठी आशा होती. युरोपातल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, उलट मेंदूतला रक्तस्राव वाढला. इतक्या विषारी प्राण्यांतून आजवर मान्य झालेली औषधे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

रेणुबंध

याला जोडून एवढेच सांगतो की जराराकाच्या विषातून झालेल्या औषधाचे पेटंट ब्राझीलला मिळाले नाही आणि तिथल्या शास्त्रज्ञांना त्याची खंत राहिली. आपल्याकडे 2002 च्या जैवविविधता कायद्याने असा लाभ वाटून घेण्याची तरतूद केली आहे. फुरशाचे एकिस्टॅटिन त्याआधीच बाहेर आले होते. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने फुरशांवर बक्षीस लावून लाखांनी फुरशी मारवून घेतली होती, हेही या संदर्भात आठवते.

परिचारिका_विदर्भ

आमच्याकडे मण्यार आणि घोणस जास्त आहेत. वीस मिनिटांची चाचणी आम्हीही करतो. पण काचेच्या नळ्या संपल्या की कधी कधी प्लास्टिकची नळी वापरली जाते. चालते का?

जांभाकातळ

ताई, कृपया चालवू नका. काचेच्या पृष्ठभागाला रक्त लागले की रक्त गोठवणारा बारावा घटक जागा होतो; प्लास्टिकवर तसे नीट होत नाही आणि निरोगी माणसाचे रक्तही वीस मिनिटांनी पातळ दिसू शकते. मग विष भिनलेले नसताना प्रतिविष दिले जाईल आणि त्याची प्रतिक्रिया रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. काचेची नळीही साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेली नसावी, कारण त्याचा थर राहिला तरी हेच घडते. आम्ही सर्पदंशासाठी कोऱ्या नळ्यांचा एक वेगळा डबा ठेवला आहे आणि दुसऱ्या कोणत्याही तपासणीसाठी त्यातली नळी घेत नाही. शंका आली तर सोबतच्या एखाद्या निरोगी नातेवाइकाचे रक्त, त्याची परवानगी घेऊन, शेजारच्या नळीत त्याच वेळी लावून ठेवा. ते थिजले आणि रुग्णाचे ओघळले तर खात्रीने डॉक्टरांना हाक मारा. मण्यारीच्या दंशात मात्र रक्त नेहमीसारखे थिजते. तिथे नळीकडे न पाहता रुग्णाच्या पापण्या खाली येत आहेत का, हे पाहत राहावे लागते.